ताकदीची पुडी

१७ ऑक्टोबर २००५, मुकुटबन

सामान लागलं. पुस्तकांची खोकी खाटेखाली गेली, कॉम्प्युटर शिवणयंत्राच्या टेबलावर बसला आणि शिवणयंत्र ओसरीत. आईने त्याबद्दल एक शब्द काढला नाही, यावरून ती किती खूश आहे ते कळतं.

नागपूरचं प्रयोगशाळेचं काम संपलं. सरांनी शेवटचे निकाल पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ममता, आता घरी जा आणि प्रबंध लिहून काढ." इतकी वर्षं हाडाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. कधी बुरशी, कधी लाइट गेलेली, कधी पेशीच रुसलेल्या. आता फक्त लिहायचं आहे. स्टेशनाच्या या क्वार्टरमध्ये, जिथे बाबांच्या ड्युटीच्या वेळांवर घर चालतं आणि कोळशाच्या मालगाडीने भांडी वाजतात, मी इतकी गाढ झोपले की दुपारी आईने हलवून उठवलं.

मुख्य म्हणजे आई बरी आहे. मागच्या वर्षी होळीला आले होते तेव्हा भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. आणि आत्ता दसऱ्याला दीक्षाभूमीवर चालताना तिने बाबांना मागे टाकलं. गाल भरले आहेत, तोंडावर लाली आहे. शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, "जया तं नवरीवानी दिसून राह्यली."

"काय खाऊन राह्यली तू?" मी विचारलं.

"ताकदीची पुडी. बाजाराच्या दिवशी डॉक्टर येते एक. जडीबुटीची हाये. माह्या टोळीतल्या साऱ्या बाया घेतेत. मी तं मांगच्या साली उन्हाळ्यापासून घेतो."

जडीबुटीच म्हटल्यावर मी पुढे विचारलं नाही. बरं वाटतंय ना, मग झालं. मनावरचं मोठं ओझं उतरलं.


२४ ऑक्टोबर

बाबा जेवताना म्हणाले, "एवढी वर्सं तू काय पाह्यलं, ते मले समजन असं सांग."

बाबा पॉइंट्समन. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते त्यांच्या हातात. म्हणून तिथूनच सुरुवात केली. हाड म्हणजे दगड नव्हे, ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. बांधणाऱ्या पेशी असतात, त्यांना 'बांधा' म्हणून सांगणारा एक वाढीचा घटक असतो. पण तो मोकळा हिंडत नाही. त्याला धरून ठेवणारी प्रथिनं असतात. काही त्याला धरून नेमकं हाडापाशी नेऊन ठेवतात, काही धरतात आणि सोडतच नाहीत. कोणतं प्रथिन किती तयार व्हायचं हे हार्मोन ठरवतात. वाढीचं हार्मोन, गळ्यातल्या ग्रंथींची, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं.

बाबांनी घास थांबवला. "म्हंजे मालगाडीच्या वाघिनी भरून आल्या तरी त्या मालधक्क्याले लागतीन का सायडिंगले पडून राहतीन, ते पॉइंटवर."

"अगदी तसंच."

"अन् पॉइंट फिरवनारा हार्मोन."

"हो."

ते इतके समाधानी झाले की त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला. आई म्हणाली, "त्या हार्मोनले पेन्शन हाये का?" सगळेच हसलो.


६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. कापसाची वेचणी जोरात आहे. आई अंधारातच टोळी घेऊन निघते. तांड्यावरून लालीबाई येतात, त्या आईच्या जुन्या जोडीदार, दोघी शेजारशेजारच्या ओळीत वेचतात. यंदा मजुरी किलोवर आहे आणि ज्याचं वावर आहे त्याला कापूस आजच्या आज घरी हवा असतो, कारण उद्याचा कशाचाच भरवसा नाही. पेपरात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत आपल्या जिल्ह्याचं नाव. अशा वेळी कंबर धरून बसलेल्या बाईला टोळीत कोणी घेत नाही. आईला मी म्हटलं, बाबांचा पगार आहे, तू कशाला जातेस? ती म्हणाली, "मी नाई गेली तं टोळी फुटते. बाकीच्याइच्या घरी पगार नाई."

तिची ताकद पाहून मलाच लाज वाटते. परत येते, स्वयंपाक करते, अंगण झाडते. पहाटेची मालगाडी जायच्या आत तिची भांडी घासून झालेली असतात. "झोपच येत नाई," ती म्हणते, "पन थकवाही येत नाई." भूकही चांगली आहे.

हातांवर निळे डाग आहेत, कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागते म्हणाली. आज बसून परकराची दुमड घालत होती. सगळेच परकर लांब झालेत म्हणे. कापड धुतल्यावर आटतं हे ऐकलं होतं, लांबतं हे पहिल्यांदाच ऐकलं.


१९ नोव्हेंबर

चार दिवस पाठ धरलेली होती. सकाळी खुर्चीतून उठताच येईना. चौथं प्रकरणही तसंच अडलेलं.

आईने कोमट दुधातून एक पुडी दिली. "घेऊन तं पाह्य."

संध्याकाळपर्यंत पाठ अशी मोकळी झाली की विश्वास बसेना. भूक लागली, भाकऱ्या खाल्ल्या, पुन्हा लागली. आणि डोकं तर असं स्वच्छ की अडलेलं प्रकरण एका बैठकीत झालं. स्टेरॉइडचंच प्रकरण होतं, डेक्सामेथासोनचं. ते घातलेल्या बशांमध्ये वाढीचा घटकच कमी होतो. त्याला हाडापाशी नेऊन ठेवणारं पाचव्या क्रमांकाचं प्रथिन मात्रेगणिक फिकट, म्हणजे कमी, होत जातं, आणि धरून न सोडणारं सहाव्या क्रमांकाचं वाढतं. दोन्हीकडून कोंडी.

एक वाक्य सुचलं, ते प्रबंधात चालणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते: माणूस बाहेरून गुबगुबीत दिसतो आणि आत हाडाची पेशी उपाशी असते.

त्या डॉक्टरला विचारायला हवं की कोणत्या वनस्पती वापरतो. आपल्याकडच्या जुन्या ज्ञानात खरंच काही आहे.


१२ डिसेंबर, वणी

आईचा हात मोडला.

पडली असंही म्हणता येणार नाही. उंबऱ्याला पाय अडला, तोल गेला, तळहात टेकला आणि कट्‌ आवाज झाला. स्वयंपाकघरातून मला तो ऐकू आला. मनगट जेवणाच्या काट्याचमच्यातल्या काट्यासारखं वाकडं झालं होतं. बाबांनी स्टेशनमास्तरांना सांगून सुट्टी घेतली आणि जीपने वणीला आणलं. भूल देऊन हाड बसवलं, प्लास्टर घातलं, काही दिवस ठेवून घेणार आहेत.

दवाखाना लहान आणि स्वच्छ आहे. डॉक्टर शाल्मलीताई माझ्याच वयाच्या, इथल्याच एका वकिलाच्या घरातल्या. बोलणं मोजकं. त्यांनी पाठीचाही एक्स-रे काढायला लावला तेव्हा मला ते उगाच वाटलं.

एक्स-रे खिडकीला धरून त्यांनी विचारलं, "यांची उंची कमी झाली आहे का?"

"वयामुळे थोडी झाली असेल."

"वय पन्नाशीचं. तीन मणके दबलेत. आई स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात का? दम्यासाठी वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. "मी त्यावरच पीएच.डी. करते आहे. घेत असती तर मला कळलं असतं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली.


१४ डिसेंबर, वणी

आजचं आजच लिहायला हवं.

काल दुपारपासून आई खात नव्हती. आज सकाळी उलट्या झाल्या. हाक मारली तर "हूं" म्हणायची आणि डोळे मिटायची. अंग गार, घामेजलेलं. नर्सने दोनदा रक्तदाब मोजला आणि डॉक्टरांना बोलवायला पळाली. बाबा पलंगाच्या पायथ्याशी आईची पावलं चोळत उभे होते.

शाल्मलीताई म्हणाल्या, "मनगटाच्या फ्रॅक्चरने असं होत नाही. घरी काही घेत होत्या आणि इथे बंद झालंय, असं काही आहे का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "तिची पुडी राह्यली ना घरी. ताकदीची."

त्या क्षणी सगळं एकदम समोर आलं. गोल चेहरा. निळे डाग. झोप नाही. लांब झालेले परकर. माझी एका दिवसात सुटलेली पाठ आणि ती राक्षसी भूक. जे मी बशीत घालत होते तेच आईने दीड वर्ष दुधातून घेतलं होतं, आणि एक पुडी मीही घेऊन त्याच तंद्रीत त्यावरचं प्रकरण लिहिलं होतं.

"डेक्सामेथासोन," मी म्हणाले. "जडीबुटी म्हणून देतात. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून. तिची स्वतःची ग्रंथी बंद पडली असणार."

बाहेरून रोज आयतं मिळत असलं की मूत्रपिंडावरची ग्रंथी आपलं काम सोडून देते. मग बाहेरचं अचानक थांबलं की अंगात काहीच उरत नाही, आणि हाड मोडलं असताना तर शरीराला ते नेहमीपेक्षा जास्त हवं असतं. हे मी परीक्षेत लिहिलं आहे. पूर्ण मार्क मिळाले होते.

शाल्मलीताईंनी पुढचं ऐकलंच नाही, त्या इंजेक्शन भरत होत्या. हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून, शेजारी सलाइन. मी आणि बाबा भिंतीला टेकून उभे. बाबांनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांनी कधी धरलं ते मला कळलं नाही.

दुपार कलायच्या आत आईने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले भूक लागली. तुम्ही दोघं असे काहून उभे हा?"

बाबा बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं, ते नळावर खूप वेळ तोंड धूत होते.


२१ डिसेंबर, मुकुटबन

घरी आलो. हे शब्द लिहायलाही बरं वाटतं.

आईला पुडीऐवजी मोजून दिलेल्या गोळ्या आहेत. त्याही स्टेरॉइडच्याच. बाबांना ते पटत नाही.

"ज्यानं हाडं पोकळ केले तेच पुन्हा द्याचं?"

"थोडं थोडं कमी करत जायचं, बाबा. हळूहळू. ग्रंथीला जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. काही महिने तरी."

"अन् नाई जागी झाली तं?"

"बहुतेकांची होते."

"बहुतेकांची," ते म्हणाले आणि ड्युटीवर गेले.

हाडांसाठी कॅल्शियम आणि आठवड्याची एक गोळी आहे. दबलेले मणके पुन्हा वर येणार नाहीत, पण पुढचं थांबेल. शाल्मलीताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही स्वतःला दोष देत बसू नका. मीही रोज बघते आणि रोज चुकते. पेशंट जडीबुटी म्हणतो तेव्हा आपल्यालाही ते ऐकायला आवडतं."


२८ डिसेंबर

आज बाजार होता. त्या डॉक्टरला गाठलं.

कडुलिंबाखाली टेबल, मोपेड टेकवलेली, समोर बायांची रांग. पन्नाशीचा साधा माणूस, इस्त्रीचा शर्ट. मी रांग सोडून थेट पुढे गेले.

"यात काय आहे?"

"जडीबुटी हाये, ताई."

"डेक्सामेथासोन आहे. माझं कामच ते आहे."

तो इकडेतिकडे पाहून उठला, मला झाडामागे घेऊन गेला. "हळू बोला ना. मी काय लोकाइले मारून राह्यलो का? बाया उभ्या होतेत याच्यानं. वनीले दाखवाले गेल्या तं मजुरी बुडते, अन् तिथं बी हेच भेटते."

"माझ्या आईचे तीन मणके दबले. हात मोडला. दोन आठवड्यांपूर्वी मरता मरता वाचली."

त्याचा चेहरा उतरला. "मले खरंच मालूम नव्हतं," तो म्हणाला. "मी एका मेडिकलवाल्याच्या हाताखाली होतो. तो दुखन्यावर हेच दे म्हने."

माझा त्याच्यावर विश्वास बसला, आणि त्यामुळे राग आणखीच आला. म्हटलं, पुढच्या बाजाराला दिसलात तर पोलिसात जाईन. त्याने मुकाट्याने टेबल मिटलं. रांगेतल्या बायांना मी सांगितलं की पुडी विष आहे, फेकून द्या. त्या एकमेकींकडे पाहत पांगल्या.

घरी येताना किती हलकं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या शिक्षणाचा गावाला पहिल्यांदा काही उपयोग झाला.


५ जानेवारी २००६

सकाळी आईची गोळी पाण्यासोबत दिली. ती म्हणाली, "बाया चिडल्या तुह्यावर. कालच्या बाजाराले डॉक्टर आलाच नाई म्हने. साऱ्याइच्या पुड्या सरल्या. लालीबाई तं दोन दिवसांपासून वेचाले नाई आली."

मी ग्लास खाली ठेवला.

मी आईची पुडी एकदम बंद पडल्यावर काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी भर बाजारात उभं राहून सगळ्या टोळीची पुडी एकदम बंद केली होती.

"लालीबाई किती घेत होत्या?"

"माह्याहून जास्त. ती तं दोन दोन घे."

मी पीसीओवर धावले, शाल्मलीताईंना फोन लावला. त्यांनी एका दमात सांगितलं: पोटात राहत असेल तर आईंचीच गोळी द्या, सोबत मीठ-साखरेचं पाणी, आणि लगेच घेऊन निघा. मी परत आले तर आई प्लास्टरच्या हाताने चप्पल घालून दारात उभी. गोळ्यांची पट्टी कमरेच्या बटव्यात.

"तू कुठे?"

"तुह्या हातानं घेनार हाये का ते गोळी?"

तांड्यावर लालीबाई खाटेवर होत्या. ओठ कोरडे, आवाज नाही. त्यांचा नवरा हरिसिंग म्हणाला, "ताप नाई, काई नाई. नुसती पडून हाये. काल उलटी झालती." माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. आई खाटेच्या काठावर बसली.

"लाली, हे घे."

लालीबाईंनी तोंड फिरवलं. "तुही पोरगी म्हने, विष हाये."

"तिनं अर्धीच गोठ सांगतली. हे मी रोज घेतो. मी बी अशीच पडलती, याच्याहून वाईट. हळूहळू सोडाचं असते ते. माह्यावर भरोसा हाये का नाई?"

लालीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

आई पाणी पाजत होती. मी दारात उभी होते, आणि मला तिथे काही काम नव्हतं.

जीपमध्ये हरिसिंग पुढे बसला, लालीबाईंचं डोकं आईच्या मांडीवर. वणीला पोचेपर्यंत त्या दोनदा बोलल्या, एकदा पाणी मागितलं आणि एकदा विचारलं, आज टोळी कोणाच्या वावरात आहे.

संध्याकाळी त्या उठून बसल्या. मग मात्र मला रडू आलं आणि थांबेना. दवाखान्याच्या पायरीवर हरिसिंगने चहाचा ग्लास माझ्यासमोर ठेवला. "घ्या ताई," म्हणाला, "झालं आता."


१५ जानेवारी

या रविवारी शाल्मलीताई मुकुटबनला आल्या. आईने टोळी आणली. आईच आणू शकत होती. शाळेच्या खोलीत एकेकीला तपासलं. कोणी थोडे दिवस घेतलेली, तिला काही नको. कोणी वर्षभर, तिला गोळ्या, हळूहळू कमी करायच्या. कांताबाईंना साखर निघाली. कोणी जीवघेण्या अवस्थेत नव्हतं. संध्याकाळी शाल्मलीताई आमच्याकडे जेवल्या. आईने एका हाताने भाकरी थापायचा हट्ट धरला, पण ती जमली नाही, मग बाबांनी थापली. वेडीवाकडी भाकरी सगळ्यांनी चवीने खाल्ली.

जाताना त्या म्हणाल्या, "तुमचं ते पाचव्या प्रथिनाचं प्रकरण मला वाचायला द्या. समजेल तेवढं वाचते."


२६ फेब्रुवारी

प्लास्टर महिन्यापूर्वीच निघालं. हाड जुळलं. डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं, आई ओरडली नाही.

पण गोळी कमी झाल्यापासून तिचे दिवस वाईट आहेत. अंग दुखतं, सकाळी उठवत नाही, चेहरा लहान झालाय. काल चिडून म्हणाली, "पुडीनं मले उभं केलं, तुम्ही मले पाडलं." नंतर स्वतःच माझ्या पाठीवर हात ठेवून गेली.

पुन्हा चौथं प्रकरण काढलं. बशीतल्या पेशी दोन दिवस औषधात होत्या, आई दीड वर्ष. बशीला पोट नाही, चिंता नाही, टोळी नाही. पाचवं प्रथिन फिकट झालं म्हणून तिचे मणके दबले, असं मी लिहू शकत नाही. हाडं पोखरायचे या औषधाचे आणखीही मार्ग आहेत, माझा त्यातला एक. आधी हे मान्य करताना मला काम छोटं वाटलं असतं. आज खरं वाटलं.


१९ मे

प्रबंध दिला. सरांनी चौथ्या प्रकरणातला नवा परिच्छेद वाचून विचारलं, "हे 'ग्रामीण भागात अनियंत्रित वापर' तू कुठून आणलंस? संदर्भ काय?"

मी म्हटलं, "सर, संदर्भ माझी आई आहे."

"तसं छापता येणार नाही," ते म्हणाले. मग पेन काढून परिच्छेदाच्या बाजूला लिहिलं: ठेवावा.

बसमध्ये वणीपर्यंत झोपले.


२८ जुलै, मुकुटबन

गेल्या आठवड्यात आईचं रक्त सकाळी सकाळी घेऊन नागपूरला पाठवलं होतं. ग्रंथी आपलं हार्मोन स्वतः बनवते की नाही ते त्यातून कळणार होतं. घरात कोणी त्याविषयी बोलत नव्हतं. बाबांनी "बहुतेकांची" हा शब्द महिनोन्महिने मनात धरून ठेवला होता हे मला माहीत आहे.

आज दुपारी ते रुळाच्या कडेकडेने येताना दिसले. ड्युटीवर असताना ते क्वार्टरकडे फिरकत नाहीत. मी दारात गेले. आई ज्वारी निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं.

"डॉक्टरीनबाईचा फोन आलता स्टेशनात," बाबा म्हणाले. धाप लागली होती. "ते ग्रंथी जागी झाली म्हने. चांगली जागी झाली. गोळी बंद करा म्हने."

आईने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे?"

"म्हणजे आता तुझ्या अंगातलं तुझं तूच बनवतेस. बाहेरून काही नको."

ती उठली, पदराने हात पुसले आणि चप्पल शोधू लागली.

"कुठे चाललीस?"

"तांड्यावर. लालीबाईले वाटून राह्यलं का हे कधी सुटतच नाई. तिले सांगून येतो."

ती रूळ ओलांडून पलीकडच्या पायवाटेला लागली. बाबा उंबऱ्यावर बसले. मी म्हटलं, बाबा, ड्युटी. ते म्हणाले, "जातो. आदिलाबादची गाडी आत्ताच सुटली तिकून, टाइम हाये."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी खिसे चाचपले, रुमाल नव्हता. मग काखेतला हिरवा झेंडा काढला, त्याने डोळे पुसले, चेहरा पुसला, आणि तो पुन्हा नीट, काठाला काठ लावून गुंडाळला.